सालबर्डी : एका डोंगराचं गरम पाणी आणि गार पाणी

शुक्रवार

जानेवारीत मोर्शीकडे जायचं म्हणजे संत्र्याच्या बागा, तुरीच्या शेंगा आणि हाडात शिरणारी थंडी, हे आमचं दरवर्षीचं ठरलेलं. नणंदेचं सासर तिकडचं. यंदा भाच्यानं आधीच फोन करून बजावलं, "मामी, या वेळी नुसतं बागेत बसून शेंगा सोलायच्या नाहीत. सालबर्डीला जायचं. गरम पाणी पाहायला." तो अमरावतीला भूशास्त्र शिकतो आणि अलीकडे त्याला दगड दिसला की तो वळून बघतोच. यांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी एकटीच निघाले.

वर्धा, आर्वी, तळेगाव, आष्टी. पुढे वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मोर्शीच्या अलीकडून बागा सुरू होतात. आंबिया बहाराची तोड आटोपलेली होती, मृगाचा माल अजून झाडावर होता, आणि फांद्या मोडू नयेत म्हणून त्यांना खालून बांबूचे टेकू दिलेले होते.

गरम पाण्याचं हे खूळ आलं कुठून, तर एका व्हिडिओतून. अल्बानियात, ग्रीसच्या सीमेजवळ, चेक संशोधकांना जमिनीखाली शंभर मीटरवर एका गुहेत गरम पाण्याचं तळं सापडलं. २०२१ मध्ये ते तिथं पहिल्यांदा उतरले, २०२४ मध्ये यंत्रं घेऊन परत गेले आणि मापं घेतली. लांबी १३८ मीटर, रुंदी ४२ मीटर. जमिनीखालचं एवढं मोठं गरम पाण्याचं तळं जगात दुसरं माहीत नाही म्हणे. ज्या संस्थेनं मोहिमेला पैसा दिला तिच्या नावावरून तळ्याचं नाव न्यूरॉन ठेवलं. भाच्यानं हे सगळं जेवताना मोबाईलवर आबाजींना, म्हणजे नणंदेच्या सासऱ्यांना, दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "याच्यात काय हाये बापा? आपल्या सालबर्डीले बी गुफा हाये, गरम पानी बी हाये. तेथूनच त माहादेव पचमढीले गेला."

मग ती गोष्ट झाली. भस्मासुराला वर दिला आणि तो महादेवाच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला. महादेव पळत सालबर्डीच्या गुहेत शिरला आणि आतल्या भुयारानं थेट पचमढीला निघाला. "आमच्या लहानपनी सांगत, कोनीतरी एक कुत्रं आत सोडलं होतं. थे पचमढीले निंगालं." भाचा हसला. आबाजी हसले नाहीत. ज्यांना पचमढीच्या चौरागडावर त्रिशूळ घेऊन चढणं जमत नाही, ते सालबर्डीला येतात. म्हणूनच इकडे याला छोटा महादेव म्हणतात. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते.

शनिवार

आठला निघायचं ठरलं होतं, घराबाहेर पडायला साडेनऊ झाले. ताईंनी, म्हणजे नणंदेनं, डब्यात धपाटे आणि दही दिलं, शिवाय एक रिकामी बाटली. ती आबाजींची. "येताना कुंडातलं पानी आनजो, गुडघ्याले लावतो."

मोर्शीहून पाळा, आणि पाळ्यावरून सालबर्डी. सातपुड्याचा पायथा जवळ आला की सपाट काळं रान संपतं आणि रस्ता सागाच्या जंगलात शिरतो. गावाचा काही भाग महाराष्ट्रात, काही मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात. माडू नदी गावाजवळून वाहते. जानेवारीत तिच्यात दगडच जास्त होते, तरी मधल्या धारेला ओढ होती.

आधी कुंडाकडे गेलो. इथं दोन पाणी आहेत, एक गार आणि एक गरम, आणि गरम पाण्यात गंधक. माझ्या डोळ्यांसमोर अल्बानियातलं ते तळं होतं, त्यामुळे पहिल्या नजरेत जरा हिरमोड झाला. बांधलेलं लहानसं कुंड, कडेला ओल्या पायांचे ठसे, एका दगडावर शाम्पूची फाडलेली पुडी. पण हात घातला आणि मत बदललं. बाहेर वारा असा बोचरा होता की मी स्वेटर काढला नव्हता, आणि पाणी मात्र थेट मनगटापर्यंत ऊब देत होतं. चटका बसेल असं नाही, पाय सोडून तासभर बसावं असं. वास म्हणाल तर काडेपेटीची काडी ओढल्यावर क्षणभर येतो तसा, आणि तोही वाकल्यावरच.

भाचा पालथा पडून तळ बघत होता. मलाही त्यानं बसवलं. एकटक पाहिलं की दिसतं, तळाच्या वाळूतून बुडबुड्यांची एक माळ उठते, मधेच थांबते, मग वीतभर बाजूला दुसरी सुरू होते. पाणी जिथून वर येतं तिथली वाळू सारखी थरथरत असते. कडेच्या दगडाला, पाण्याच्या रेषेखाली, पांढुरके बुळबुळीत तंतू चिकटले होते. मला ते कुणाच्या कपड्याचे धागे वाटले. तो म्हणाला, हे गंधकावर जगणारे जिवाणू असावेत. अल्बानियातल्या त्या गंधकाच्या गुहांमध्ये तर सगळा संसार अशाच जिवाणूंच्या जिवावर चालतो. तिथं ऊन पोचत नाही, त्यामुळे हिरवं काही उगवत नाही. पाण्यातल्या गंधकाच्या वायूवर जिवाणू वाढतात, त्यांना बारीक किडे खातात आणि किड्यांना कोळी.

शेजारी पाय सोडून बसलेल्या एका काकांनी ऐकून विचारलं, "खाली ज्वालामुखी हाये म्हनतात नं?"

ही समजूत खूप जणांची आहे, माझीही होती. आपला काळा पाषाण ज्वालामुखीचाच आहे हे शाळेत शिकवलेलं असतं, त्यामुळे कुठं गरम पाणी दिसलं की त्याचं नातं तिकडे जोडलं जातं. पण तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच थंड झाला. त्याची धग आजवर टिकणं शक्य नाही. पाणी तापतं ते निव्वळ खोलीमुळे. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की खडक साधारण २५ ते ३० अंशांनी जास्त गरम असतो, आणि हे इथंच नाही, बहुतेक सगळीकडे. तुमच्या घराखालीही. अडचण एवढीच की तिथलं पाणी वर यायला वाट लागते. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्यानं गाविलगडचा मोठा भ्रंश जातो, म्हणजे जमिनीला पडलेली जुनी खोल चीर. सालबर्डी त्याच पट्ट्यात आहे. डोंगरावरचं पावसाचं पाणी फटीफटींतून खाली उतरत जातं, खोलवर तापतं आणि एखाद्या सरळ चिरेतून वर येतं. उतरायला त्याला किती तरी वर्षं लागतात. वर मात्र ते लवकर येतं, म्हणून वाटेत निवत नाही. नर्मदा आणि सोन नद्यांच्या बाजूनं जाणाऱ्या याच मोठ्या पट्ट्यात मध्य प्रदेशातलं अनहोनी आहे आणि छत्तीसगडमधलं तातापानीही. तातापानीचं पाणी तर जवळजवळ उकळतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे पानी आपल्या आज्याच्या टायमाचं हाये." भाचा म्हणाला, कदाचित त्याच्याही आधीचं. काकांना हे पटलं. ज्वालामुखीपेक्षा त्यांना हेच आवडलं असावं, कारण नंतर आलेल्या दोघांना ते तेच सांगत होते.

या पाण्यानं खरूज-नायटा जातो अशी जुनी श्रद्धा आहे. गंधक कातडीच्या मलमात घालतात हे खरं, त्यामुळे त्यात काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. पण खाज सुटलेली माणसं जिथं अंग धुतात तिथंच तुम्ही तोंड धुणार, हाही हिशेब ज्यानं त्यानं करावा. मी पाय सोडले, तोंड धुतलं नाही.

मग गुहा. वाट जंगलातून वर चढते. पायऱ्या आणि दगड आलटून पालटून लागतात, आणि माकडांचं लक्ष डब्याच्या पिशवीवर असतं. यात्रेत इथं माणसांची रांग हलत नसेल. त्या दिवशी आमच्यापुढे एक जोडपं आणि मागे शाळेतली चार पोरं, एवढेच. वर एक बाई कापूर, नारळ आणि चहा विकत होती. चपला तिच्याजवळ ठेवल्या.

आत वाकून जावं लागतं. दहा पावलं गेलं की बाहेरचा आवाज तुटतो आणि पायाखालचा दगड ओला लागायला लागतो. महादेवाच्या पिंडीवर वरच्या खडकातून पाणी ठिबकत राहतं. बारमाही अभिषेक. मी थेंब मोजायला लागले आणि सोडून दिलं, कारण ते एका लयीत पडत नाहीत. दोन भराभर, मग इतका वेळ काहीच नाही की आटलं की काय वाटावं, आणि मग एक. छतावर थेंब जमताना दिसतो. आधी खडकाचा एक कंगोरा नुसता चमकतो, मग त्याच्या टोकाला फुगवटा येतो, कापराच्या उजेडात पिवळा होतो आणि सुटतो.

इथं मला एक गंमत कळली. पोरांपैकी एक जण ओरडला, "हे बी पानी गरमच हाये बे!" मी हात लावला. खरंच, बर्फगार नव्हतं, कोमट म्हणावं इतपत. क्षणभर मलाही वाटलं, खालचंच पाणी इथंही येतं की काय. भाच्यानं विचारलं, "मामी, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी गार का लागतं आणि हिवाळ्यात कोमट का लागतं?" तेच इथंही. गुहा थोडी आत गेली की तिला ना मे महिना कळत ना जानेवारी. वर्षभराच्या हवेची जी सरासरी, तीच तिच्या आत मुरलेली असते, आणि आपल्या विदर्भात ती चांगलीच उबदार आहे. बाहेर कडाका असेल तर आतलं पाणी कोमट लागणार. मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना हेच पाणी अंगावर काटा आणेल. कुंडाचं पाणी वेगळं. ते मेमध्येही गरमच. त्याच डोंगरावरचा, त्याच पावसाचा थेंब. एक वरच्या वर खडकातून झिरपला आणि पिंडीवर पडला, दुसरा खोल गेला आणि तापून आला. मला पाहायला मिळालं ते एवढंच, पण त्याकरिता अल्बानियाला जावं लागलं नाही.

अल्बानियासारखं तळं इथं का नाही, याचं उत्तरही खडकातच आहे. तिथं चुनखडी आहे. खालून येणाऱ्या गरम पाण्यातला गंधकाचा वायू हवेला भिडतो, त्याचं आम्ल होतं आणि ते आम्ल चुनखडी खात सुटतं. असं किती तरी काळ चाललं की पोटात दालनं तयार होतात आणि त्यांत तळी साचतात. आपल्याकडे बहुतेक काळा पाषाण, तो असा विरघळत नाही. आमच्या नशिबात कुंड. मला तरी त्यात कमीपणा वाटला नाही. अल्बानियातल्या तळ्यात उतरायला दोर लागतो, इथं आबाजींसारखा माणूस पाय सोडून बसू शकतो.

अंधारात भुयाराची वाट कुठं, असं मी तिथल्या एका म्हाताऱ्या भाविकाला विचारलं. त्यानं आतल्या एका फटीकडे बोट दाखवलं आणि आपल्यापरीनं शास्त्रही सांगितलं, "आता बंद झाली. कलियुग लागलं तवापासून."

उतरताना भाचा दगड बघत रेंगाळला. सालबर्डीच्या परिसरातल्या लॅमेटा नावाच्या थरांत डायनोसोरची अंडी सापडली आहेत. लाव्हा पसरायच्या आधीच्या जमिनीत ती राहिली. महानुभावांच्या परंपरेत चक्रधरस्वामींनी याच डोंगरात बारा वर्षं एकांतात काढली आणि इथंच त्यांना तपस्विनी मुक्ताबाई भेटल्या. सीतामाई इथं राहिली, लव-कुश इथलेच, असंही गावात सांगतात. एका डोंगरावर एवढं ओझं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी बागेत रोडगे होते. गव्हाची जाडसर कणीक, तेल-मिठाचा हात लावून भिजवलेली. लहान पारी लाटायची, तेल लावायचं, तिच्यात दुसरी, तिच्यात तिसरी, आणि शेवटी सगळं वळून गोळा करायचा. गोवऱ्यांची आहार, म्हणजे धगधगते निखारे, झाली की त्यात पुरायचे. ताई हातानंच उलटवत होत्या, चिमटा नाही की काही नाही. राख झटकून फोडला की आतून एकेक पापुद्रा सुटा होतो आणि वाफ बाहेर येते. त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण.

आबाजींना बाटली दिली. त्यांनी झाकण उघडलं, बोट बुडवून पाहिलं, आणि चेहरा पडला. गाडीत पाणी पार थंड झालं होतं. थोडा वेळ विचार करून त्यांनी ते पातेल्यात ओतलं आणि आहारावर ठेवलं. "गंधक त हाये नं त्याच्यात, गरम आपन करू." भाच्यानं सांगायचा प्रयत्न केला की वायू उडून गेला असेल. ताईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

रविवार

पहाटे आबाजीच उठवायला आले. गरम केलेल्या पाण्यानं गुण आला नव्हता, म्हणून ते स्वतः येणार होते. शाल, कानटोपी, काठी. आम्ही उजाडायच्या सुमारास कुंडावर पोचलो आणि ती वेळ साधली हे फार बरं झालं. काल दुपारी जे पाणी नुसतं पाणी होतं, त्याच्यावर आज वाफ तरंगत होती. गुडघाभर उंच जाई, वारा आला की एका बाजूला सरके आणि पुन्हा जमे. गार पाण्यावर काही नव्हतं.

आबाजी अर्धा तास गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसले. कसं वाटतं विचारलं तर म्हणाले, "बरं वाटते. पन उठल्यावर सांगतो." उठले, चार पावलं टाकली, आणि म्हणाले, "आता दुखत नाई. घरी गेल्यावर दुखन." इतकं प्रामाणिक निदान मी कुठल्या दवाखान्यात ऐकलेलं नाही.

परतीच्या आधी रिद्धपूरला जाऊन आलो. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव, आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्र जिथं लिहिलं ते हे. मराठी भाषा विद्यापीठही आता इथंच आहे. घाईत पाहण्याची जागा नाही ही, पण आम्ही घाईतच पाहिली. दुपारी आबाजींना घरी सोडलं, भाच्याचा निरोप घेतला, ताईंनी दिलेली तुरीच्या शेंगांची पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाची भिंत बघत निघाले.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मोर्शी नरखेड-अमरावती रेल्वेमार्गावर आहे आणि अमरावतीहून एसटीही मिळते. पुढं सालबर्डीला स्वतःचं वाहन किंवा ऑटो बरा. पावसाळ्यात माडूला पूर आला तर नदीच्या कडेला थांबण्यात शहाणपण नाही. गरम पाणी पाहायचं तर डिसेंबर-जानेवारीतली पहाट, आणि गुहा मनासारखी पाहायची तर महाशिवरात्र सोडून कुठलाही दिवस. साबण आणि शाम्पूच्या पुड्या घरीच ठेवा. वरच्या कापूरवाल्या बाईकडे चहा चांगला मिळतो, पण ऑनलाइन पैसे तिला चालत नाहीत. तिथं रेंजच नसते.